तार संपते त्या गावातला फ्रीज
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख 'उद्योजक' अशी करून दिली. ऐकायला बरं वाटलं, पण मी फ्रीज दुरुस्त करणारा मेकॅनिक आहे. १९८८ साली आपण दहावी झालो. तुम्ही बरेच जण अकरावीला गेलात, मी आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या ट्रेडला गेलो. तेव्हापासून आजपर्यंत माझा एकच धंदा आहे, एका जागेची उष्णता उचलायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची. डॉक्टर, इंजिनियर, तहसीलदार झालेल्या मित्रांसमोर या विषयावर बोलायला मला उभं केलंत, त्याबद्दल संयोजकांचे आभार.

हा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच दिला आहे. मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा आपल्या ग्रुपवरच्या तिघांनी मला वेगवेगळ्या दिवशी फोन केला आणि तिघांचा प्रश्न अगदी सारखा होता. "लाइन नसलेल्या ठिकाणी छोटा फ्रीज चालवायचा आहे. लिथियमची बॅटरी किती मोठी घेऊ?" तिघांची नावं मी सांगत नाही, तिघेही समोर बसले आहेत. पण तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली. ती का, ते आज सांगतो.

आधी आपल्या मुलखाबद्दल दोन शब्द. आपण पाचवीत होतो तेव्हा, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला आणि वर्गातला नकाशा जुना झाला. या दोन जिल्ह्यांची गंमत बघा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. इथली वीज सगळ्या महाराष्ट्रात जाते. आणि इथूनच आल्लापल्ली ओलांडून भामरागडकडे निघालं, की पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या मुलखात पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो, झाडं तारेवर पडतात आणि गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात राहतात. यात लाइनमनचा दोष नाही. दोन तृतीयांशाहून जास्त जंगल असलेल्या जिल्ह्यात पूर आलेला नाला ओलांडून तो खांबापर्यंत पोचणार कसा? हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे वीज नव्हती आणि पुढेही कितीतरी वर्षं नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कंदिलाच्या उजेडात रुग्ण सांभाळले. उजेडाचं काम कंदिलाने भागतं. थंडाव्याला मात्र कंदील नसतो. म्हणून हा प्रश्न वेगळा आहे.

आता हिशोब. आपले विज्ञानाचे सर गणित सोडवायच्या आधी बोर्डावर दोन शब्द लिहायला लावायचे, 'दिलेले' आणि 'काढायचे'. उत्तर बरोबर आलं तरी 'दिलेले' लिहिलं नसेल तर एक मार्क कापायचे. तेव्हा राग यायचा. आज माझ्या दुकानात येणारं दर दुसरं गिऱ्हाईक नेमकं हेच करतं. 'दिलेले' कोरं ठेवतं आणि थेट बॅटरीची किंमत विचारतं. बॅटरी हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की काय थंड ठेवायचं आहे, किती थंड, आणि किती दिवस?

पहिला मित्र. मोहर्लीच्या रस्त्याला त्याचं शेतघर आहे. शनिवारी जातो, रविवारी संध्याकाळी परततो. मासळी, दूध आणि थंड पेयं ठेवायची आहेत. (पेयं कोणती, ते मी विचारलं नाही.) त्याला मी सांगितलं, की तुला फ्रीजही नको आणि बॅटरीही नको. आठवीत-नववीत आपण शिकलो होतो, एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता पितो. अप्रकट उष्मा. तेव्हा ती नुसती व्याख्या होती. आता ती विजेच्या भाषेत मांडा. एक किलो बर्फ म्हणजे साधारण ९३ वॉट-तासांचा थंडावा, दहा किलो म्हणजे ९३०. जाड भिंतीचा चांगला बर्फाचा डबा घेतला, तो सावलीत ठेवला आणि सारखा उघडला नाही, तर शनिवार-रविवार आरामात निघतो. शहरातून जाताना बर्फ घ्यायचा, विषय संपला. त्याचे बरेच पैसे वाचले. आज जेवणानंतरचं आइस्क्रीम त्याच्याकडून आहे, असं कळलं.

दुसरी आपली मैत्रीण, आरोग्यसेविका. तिच्या उपकेंद्रातून टोल्यांवर जाऊन लसीकरण करावं लागतं. ती म्हणाली, "गाडीतला छोटा फ्रीज आणि लिथियम बॅटरी घेतली तर लसी उपकेंद्रातच ठेवता येतील का?" तिला मी स्पष्ट 'नको' म्हटलं. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, हे आपल्याला माहीत असतं. पण उष्णतेइतकीच गोठण्याचीही भीती असते, हे थोड्यांना माहीत असतं. पोलिओचे थेंब उन्हाने खराब होतात, तर पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस-बी गोठली की निकामी होते. कुपीवरच्या खुणेतला आतला चौकोन उन्हाने गडद होत जातो, बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी बाद. पण गोठून गेलेली लस ती खूण दाखवत नाही. गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये तळाशी आणि भिंतीलगत शून्याखाली जाणारे कोपरे असतात. मासळीला चालतं, लसीला चालत नाही.

तिच्यासाठी व्यवस्था आधीच ठरलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आयएलआर, म्हणजे बर्फाच्या अस्तराचा फ्रीज, आणि गावात जायला चार आइसपॅकचा व्हॅक्सिन कॅरियर. आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच आत घालायचे नाहीत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला, की मगच घालायचे, म्हणजे लस गोठत नाही. हे तिनेच मला शिकवलं. आणि जिथे लाइनचा भरवसाच नाही अशा केंद्रांसाठी बिनबॅटरीचे सौर फ्रीज निघाले आहेत. पॅनेलवरून थेट कंप्रेसर चालतो, दिवसा बर्फ गोठतो आणि रात्र त्या बर्फावर निघते. असे फ्रीज का निघाले? जगभर आधीच्या सौर फ्रीजांच्या ॲसिडच्या बॅटऱ्या काही वर्षांत बसायच्या, नवी बॅटरी दुर्गम गावी वेळेवर पोचायची नाही, आणि चांगला फ्रीज कपाट म्हणून वापरला जायचा. त्या माणसांनी बॅटरी मोठी केली नाही. त्यांनी ती काढूनच टाकली.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे धानाच्या बांधीत साप चावण्याचं भय मोठं. सर्पदंशावरची लस फ्रीजशिवाय ठेवता येत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. द्रवरूपातल्या लसीला फ्रीज लागतो हे खरं. पण गोठवून वाळवलेली पूड येते, ती थंड, अंधाऱ्या जागी फ्रीजविना राहते. म्हणजे औषध बदललं तर फ्रीजची गरजच बदलते. साप चावला तर मात्र घरात काही शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता तिसरा मित्र. तो पुण्याला असतो. त्याची आई एटापल्ली तालुक्यातल्या गावी राहते, वय शहात्तर. गाव सोडायला तयार नाही. का म्हणून सोडावं तिने? तिला रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं. मागे एका पावसाळ्यात नऊ दिवस लाइन नव्हती. घरच्या फ्रीजमधल्या न उघडलेल्या कुप्यांचं काय झालं असेल, हे कुणालाच सांगता येईना. इन्सुलिन खराब झालं तर वास येत नाही, बहुतेक वेळा रंगही बदलत नाही. ते फक्त काम करेनासं होतं आणि ते कळतं साखर चढल्यावर. नाल्याला पूर असताना साखर चढली तर काय, या विचाराने हा माणूस पुण्यात रात्रभर जागा राहायचा. तिघांतली खरी गरज ही होती.

इथेही 'दिलेले' आधी लिहिलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. वापरात असलेली कुपी खोलीच्या तापमानात, २५-३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस त्या-त्या कुपीच्या कागदावर असतात, ते वाचायचे. म्हणजे वापरातल्या कुपीला फ्रीज लागतच नाही. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश आणि हवा कोरडी असते, तेव्हा आपला माठ कामाला येतो. ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं, त्यात कोरडी डबी, डबीत कुपी. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी लवकर उडतं आणि तितका गारवा. श्रावणात हवा दमट, पाणी उडत नाही, माठ गार करत नाही. पण तेव्हा घरातली हवाच २८-३० वर आलेली असते. आजीबाईंचा माठ नेमक्या गरजेच्या ऋतूत काम करतो. मग फ्रीजला उरलं काय? तीन महिन्यांचा न उघडलेला साठा. त्याला वीस लिटरचा फ्रीज भरपूर झाला, आणि तो आठवड्यातून एकदाच उघडायचा.

आता 'काढायचे'. बारा व्होल्टवर थेट चालणारा कंप्रेसरचा छोटा फ्रीज चालू असताना साधारण ५० वॉट घेतो, पण तो सतत चालत नाही. पावसाळ्यात, कमी उघडला तर, दिवसाचा सुमारे ३० टक्के वेळ चालतो. ५० गुणिले २४ गुणिले ०.३, म्हणजे ३६० वॉट-तास. मे महिन्यात तोच ६० टक्के वेळ चालतो, म्हणजे ७२०. आपल्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. म्हणजे भर उन्हाळ्यातही एका युनिटच्या आत.

बॅटरी घेतली लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिच्यात ३.२ व्होल्टचे चार सेल, एकूण १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. गुणाकार केला की १,२८०. शेवटच्या थेंबापर्यंत उपसायची नाही, म्हणून ८५ टक्के धरले, सुमारे १,०८० वॉट-तास. वजन बारा किलोच्या आसपास, एक माणूस खांद्यावर घेऊन डोंग्यातून नदी पार करू शकतो. ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणून एवढंच काम करायला ती दीडशे अँपिअरच्या पुढची घ्यावी लागते आणि वजन पन्नास किलोच्या पुढे जातं.

१,०८० भागिले ३६०, तीन दिवस. सूर्य अजिबात निघाला नाही तर तीन दिवस. मित्र घाबरला. म्हणाला, "नऊ दिवस लाइन नव्हती. दोन बॅटऱ्या घेऊ, तीन घेऊ." मी म्हटलं, थांब. दाट ढगांतही पॅनेल थोडं देतं. २०० वॉटचं पॅनेल अशा दिवशी दीडशे वॉट-तास देतं, असं धरू. रोजची तूट २१०. एक बॅटरी पाच दिवस जाईल. दुसरी बॅटरी जोडली तर दहा दिवस. आता बॅटरी एकच ठेव आणि पॅनेल दुसरं लाव. ढगाळ दिवशी ३०० मिळाले, खर्च ३६०, तूट फक्त ६०. त्याच एका बॅटरीवर अठरा दिवस. आणि दुसरी बॅटरी महाग, दुसरं पॅनेल तिच्या मानाने बरंच स्वस्त. पावसाळी मुलखात साठवण वाढवण्याआधी आवक वाढवायची. आपले शेतकरी बाप हे विहिरीबद्दल सांगायचेच.

बसवताना पाळायच्या चार गोष्टी सांगतो, कारण हिशोब बरोबर असला तरी काम इथे बिघडतं.

एक, मध्ये इन्व्हर्टर नको. बारा व्होल्टचे २३० करायचे आणि फ्रीजच्या ॲडॉप्टरने परत बारा करायचे, यात इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहा ते वीस वॉट खातो. दिवसाचे २४० ते ४८० वॉट-तास. म्हणजे फ्रीजएवढाच दुसरा पाहुणा घरात जेवायला बसवायचा.

दोन, थंडगार डबा म्हणून जी थर्मोइलेक्ट्रिक पेटी मिळते, ती घ्यायची नाही. ती बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली जाते. बाहेर ४५ असतील तर आत २५ ते ३०, आणि वीज सतत खाते. घेताना 'कंप्रेसर आहे का' एवढं विचारायचं.

तीन, वायर जाड. बारा व्होल्टमध्ये अर्धा व्होल्टही मोठा असतो. एक चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन चालत्या फ्रीजला पाऊण व्होल्ट कमी मिळतो, आणि कंप्रेसर सुरू होताना त्याहून बराच कमी. मग बॅटरी भरलेली असूनही फ्रीज 'व्होल्टेज कमी' म्हणून बंद पडतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. चार चौरस मिलिमीटरची घ्यायची आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावायचा. लिथियमच्या शॉर्ट सर्किटमध्ये करंट प्रचंड येतो. कुडाच्या घरात फ्यूज टाळायचा नसतो.

चार, बॅटरीची जागा. आपल्याकडे टिनाच्या छपराखाली मे महिन्यात हात लावता येत नाही. ४५ अंशांच्या वर या बॅटरीचं चार्जिंग जपून करावं लागतं, आणि फारच तापली तर तिच्या आतलं सर्किट चार्जिंग तोडतं. म्हणून ती छपराजवळच्या फळीवर नको, सारवलेल्या जमिनीजवळ, आतल्या खोलीत. चार्ज कंट्रोलर लिथियमच्या सेटिंगवर, जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल. आणि व्होल्टमीटरवर विश्वास ठेवायचा नाही. ॲसिडच्या बॅटरीचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, लिथियमचा जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. किती भरली आणि किती उपसली याची बेरीज-वजाबाकी करणारा बॅटरी मॉनिटर बसवायचा.

हे सगळं मागच्या वर्षी मृगाच्या आधी बसवलं. फ्रीजमध्ये कुप्या मधोमध एका डब्यात, भिंतीला न टेकता. उरलेली जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरली, म्हणजे झाकण उघडलं तरी थंडावा टिकतो. आत एक थर्मामीटर. मित्राची पुतणी नववीत आहे. ती सकाळ-संध्याकाळ वहीत तीन आकडे लिहिते, आतलं तापमान, बॅटरीचे टक्के आणि आकाश कसं आहे. त्या पावसाळ्यात एकदा सलग सहा दिवस लाइन नव्हती. मी नंतर वही पाहिली. बॅटरी सगळ्यात खाली ५८ टक्क्यांवर गेली होती, तापमान ४ आणि ६ च्या बाहेर गेलं नव्हतं. एका दिवशी त्या पोरीने आकाशाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'दिसत नाही.'

मी त्या वहीला बॅटरीइतकाच मान देतो. यंत्र बसवणारा मी एक दिवस जातो. मित्र पुण्यातून फोन करतो. पण कुपी बरी आहे की नाही, हे त्या वहीमुळे कळतं. ती मुलगी सायन्सला जायचं म्हणते. मी तिला वॉट-तास समजावायला गेलो, तर तिनेच मला विचारलं, "काका, उन्हाळ्यात दोन पॅनेलची वीज जास्त होते, तिच्यावर पंखा चालेल का?" चालतो. दुपारी बॅटरी भरलेली असताना चालतो. आज आजीच्या डोक्यावर तो पंखा आहे.

सर, तुम्ही कापलेला तो एक मार्क मला पस्तीस वर्षं पुरला. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील, सासूसासरे अजून गावी आहेत. कुणी इन्सुलिनवर असेल. दिवाळीत गावी जाल तेव्हा एक काम करा. घरात कोणतं औषध आहे, त्याच्या कागदावर किती तापमान लिहिलं आहे आणि मागच्या पावसाळ्यात लाइन किती दिवस नव्हती, हे तीन आकडे वहीत लिहून आणा. शंका असेल तर आपल्यातले डॉक्टर सांगतील. मग माझ्या दुकानात या. काही जणांना मी सांगेन, माठ पुरे. काहींना सांगेन, बर्फाचा डबा घ्या. ज्यांना खरंच बॅटरी लागेल त्यांचा हिशोब आपण कागदावर करू, आणि हिशोबाचे पैसे मी घेत नाही. फक्त मृगाच्या आधी या. नाल्याला पाणी आल्यावर मला तिथे पोचता येत नाही.